दमदार तिहाई आणि पाच हर्ट्झ

गेले तीन वीकांत मी डोंबिवलीला घरी जाऊन नक्की काय करतोय, ते आईने मावशीला फोनवर असं सांगितलं: "अगं, माझा पोळपाट उलटा घातलाय, त्यावर लॅपटॉप ठेवलाय, आणि ह्यांना समोर बसवून हवेत तबला वाजवायला लावतोय." वर्णन अचूक आहे. फक्त 'कशासाठी' तेवढं राहिलं. तेच सांगतो, जरा लांबण लागेल.

बाबा बँकेत होते, पण आमच्या भागात त्यांना बँकवाले म्हणून कुणी ओळखत नाही. तबल्याला कोण, तर हे. व्यावसायिक वगैरे नाहीत. गणपतीतले कार्यक्रम, कोजागिरी, कुणाच्या तरी मुलीची गाण्याची परीक्षा, अशा ठिकाणी हक्काचे साथीदार. अडीच वर्षांपूर्वी उजव्या हाताची थरथर सुरू झाली. आधी वाटलं थकवा, मग वाटलं मणक्याचं काहीतरी, शेवटी न्यूरॉलॉजिस्टने चालून दाखवायला सांगितलं, बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली आणि पार्किन्सन्स म्हणून निदान केलं. गोळ्या चालू आहेत. भाजी आणणं, पेपर वाचणं, माझ्याशी राजकारणावरून भांडणं, सगळं जवळपास पूर्वीसारखं. पण तबला-डग्गा गवसणीत घालून माळ्यावर गेला. "आता बास," एवढंच म्हणाले. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. आमच्या घरात विषय न काढण्याची कला सगळ्यांना अवगत आहे.

एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. पार्किन्सन्सचा कंप बहुतेकदा हात स्वस्थ असताना येतो. काही करायला हात उचलला की तो बऱ्याचदा कमी होतो, मांडीवर ठेवला की परत सुरू. म्हणजे वाजवताना नाही, थांबल्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ह्या उद्योगाची सुरुवात झाली हापिसात, जेवणाच्या सुट्टीत. काहीतरी भलतंच शोधत असताना डेव्हिड रोकबी ह्या टोरोंटोच्या कलावंतापाशी येऊन पोचलो आणि पुढची मीटिंग बुडवली. ह्या माणसाने १९८०च्या दशकात एक खोली वाजती केली. दिसायला खोली रिकामी. कोपऱ्यात कॅमेरा, मागे कॉम्प्युटर, सिंथेसायझर आणि स्पीकर. तुम्ही आत जाऊन हललात की खोली वाजते. हातात कांडी धरायची नाही, अंगाला वायर लावायची नाही. मान वळवली तरी आवाज, उडी मारली तरी आवाज, आणि दोन्हींचा आवाज वेगळा. तुम्ही शांत उभे राहिलात की खोलीही शांत. नाव ठेवलं 'व्हेरी नर्व्हस सिस्टम'. १९८६मध्ये ही खोली व्हेनिसच्या बिएनालेत मांडली होती.

माझ्यातल्या इंजिनियरला आधी अर्थातच यंत्राचं कौतुक. सुरुवातीच्या प्रयोगांत रोकबीने कॅमेरे स्वतःच बनवले होते. ८ गुणिले ८, म्हणजे अख्ख्या चित्राला ६४ ठिपके. व्हॉट्सॅपवरचा अंगठासुद्धा ६४ ठिपक्यांत धड दिसणार नाही. हे सगळं जोडलं ऍपल टू कॉम्प्युटरला आणि प्रोग्राम लिहिला ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्लीत. आम्ही कॉलेजात ८०८५ची असेंब्ली फक्त व्हायवापुरती शिकलो, त्यामुळे ह्या माणसाला मनोमन नमस्कार केला.

पण खरी गंमत यंत्रात नाही. पहिल्या आवृत्तीवर रोकबीने एकट्याने बरेच दिवस काम केलं. त्याच्यासमोर ती झकास वाजायची. मग लोकांना बोलावलं, तर त्यांच्यासमोर काही होईना. शेवटी त्याने स्वतःचं व्हिडिओ शूटिंग पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की तो स्वतः माणसासारखा हलतच नव्हता! झटके देत, ताठ, अतिशयोक्त हालचाली. यंत्राला काय कळतं ते त्याच्या शरीराने दिवसेंदिवस आपोआप शिकून घेतलं होतं. त्याला वाटत होतं आपण यंत्र घडवतोय, आणि यंत्र त्याला घडवत बसलं होतं.

दुसरा किस्सा त्याहून भारी. नंतर यंत्र सुधारलं, प्रदर्शनात लोक येऊ लागले. नवा माणूस आत शिरला की पहिल्यांदा बिचकत हात हलवायचा. त्या हालचालीत प्रश्न असायचा: हे काय करेल? खोली काहीतरी वाजायची. मग तो तोच हात परत हलवायचा, आता खात्री करून घ्यायला: असं केलं की असं वाजतं, हो ना? आवाज जरा वेगळा यायचा. तिसऱ्यांदा तो हुकूम द्यायचा: वाज तसं! आणि आवाज अजूनच वेगळा. काही जण वैतागून म्हणायचे, यंत्र बिघडलंय, मनाला येईल ते वाजवतंय. प्रत्यक्षात यंत्र अगदी बरोबर होतं. विचारणारा हात, खात्री करणारा हात आणि हुकूम देणारा हात वेगवेगळे हलतात. ते आपलं आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

हे वाचून मला बाबा आठवले असं लिहिलं तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर मला आधी माझा वेबकॅम आठवला. बाबा आठवले रात्री, झोपताना.

आज हे करायला असेंब्ली लागत नाही. हाताची बोटं न् बोटं ओळखणारी लायब्ररी फुकट मिळते, पायथॉनमध्ये शे-दीडशे ओळींत काम होतं. असल्या कामासाठी तयार सॉफ्टवेअरही आहे. पॉलिन ऑलिव्हेरोस ह्या अमेरिकन संगीतकार बाईंनी २००७च्या सुमारास एका ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या साथीने ते सुरू केलं. ज्या मुलांना जेमतेम मान हलवता येते त्यांनाही कॅमेऱ्यासमोर वाजवता यावं म्हणून. ते आधी वापरून बघायचं, ही शहाणपणाची गोष्ट. पण स्वतः लिहिण्याची खाज कुठल्या इंजिनियरला सुटलीय?

आवाज हवे होते. इथे नशिबाने साथ दिली. आजारपणाआधी बाबा शेजारच्या एका मुलाला तबला शिकवायचे आणि त्याला घरी रियाजाला म्हणून एकेक बोल सुटा वाजवून व्हॉट्सॅपवर पाठवायचे. ना, तिं, तू, गे, क. त्या मुलाच्या फोनमध्ये ते सगळे तसेच होते. मी ते कापून, साफ करून घेतले. म्हणजे हवेत वाजवायचं बाबांनी आणि वाजायचं बाबांचंच.

पहिल्या शनिवारी टीपॉयसमोर बसवलं. टीपॉयवर खडूने दोन वर्तुळं काढली (आई: "पुसून जा जाताना"). उजव्या वर्तुळावर हात खाली आला की तबला, डाव्यावर डग्गा, दोन्ही एकदम आले की धा. हात जितक्या वेगात खाली येईल तितका आवाज मोठा. बाबा आधी तयारच नव्हते. "हे काय पोरखेळ." मग एक ना वाजवला. मग थांबून माझ्याकडे बघितलं. "हा माझा ना आहे."

"हो."

"कुठून आणलास?"

सांगितलं. काही बोलले नाहीत. त्रितालाचा ठेका धरला आणि अर्ध्या आवर्तनात थांबले. "मागे पडतंय."

मागे पडत होतंच. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं काढतो, हात ओळखायला वेळ लागतो, आवाज निघायला वेळ लागतो, सगळं मिळून सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर. ७५च्या लयीत एक मात्रा ०.८ सेकंदाची, म्हणजे मात्रेचा आठवा भाग. आमच्या हापिसात एवढ्या उशिराला कुणी उशीर म्हणत नाही. रात्री बसून तो जवळपास निम्म्यावर आणला.

पण खरी अडचण रविवारी कळली. वाजवताना हात बऱ्यापैकी ऐकत होता. बाबा थांबले की हात टीपॉयवर टेकायचा, थरथर सुरू व्हायची आणि तबला हळू आवाजात वाजत राहायचा. तिंतिंतिंतिंतिं. कुणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर नखं वाजवावीत तसं. आता तबला वाजवणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं. तुकड्यांच्या मध्ये थांबा नसेल तर ती बेदम, असेल तर दमदार. त्या थांब्यालाच दम म्हणतात. बाबांचं सगळं नाव त्या दमावर होतं. ऐकणाऱ्याला वाटावं की हे आता विसरले, चुकले, आणि तेवढ्यात अलगद समेवर. आता नेमका तो दमच भरून जात होता. "जिथे मला थांबायचंय तिथे हे वाजतंय," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

सोपा उपाय असा वाटेल की बारीक हालचाली मोजूच नयेत. तो जमेना, कारण ह्या आजारात मुद्दाम केलेल्या हालचालीही आखूड होतात. अक्षर बारीक होतं, पावलं बारीक होतात, तशीच थापही. मर्यादा वाढवली की कंपाबरोबर खऱ्या थापाही गळायच्या. मग काय उरतं? फ्रीक्वेन्सी. हा कंप साधारण ४ ते ६ हर्ट्झचा असतो. बाबांचा मोजला, ५च्या आसपास. तेवढा पट्टा गाळायचा, बाकी ठेवायचं. सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर मी दुसऱ्या अटेंप्टला सोडवला होता, तरी एवढं येतं. पुण्याला परतताना गाडीतच फिल्टर लिहिला आणि आठवडाभर खुशीत होतो.

दुसऱ्या शनिवारी डेमो. (हो, मी त्याला डेमोच म्हणालो. सवयी जात नाहीत.) बाबांनी ठेका धरला. सुरेख. थांबले. शांतता. संपूर्ण शांतता! आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं की चला, डिग्री वसूल झाली.

मग त्यांनी लय वाढवली. १४०च्या आसपास नेली, दुगुन धरली, आणि तबला गेला. हात चालतोय, डग्गा वाजतोय, उजवीकडून मधूनच एखादा ना, बाकी सगळं गायब.

"मी वाजवलेलं कुठे गेलं?"

मी स्क्रीनवर बघत बसलो आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. मिनिटाला १४० मात्रा, दुगुनीत २८०, म्हणजे सेकंदाला ४.६६. पाच हर्ट्झला खेटून. त्रितालाच्या साध्या दुगुनीत उजवा हात ज्या गतीने पडतो त्याच गतीने तो हात स्वस्थ असताना थरथरतो. माझ्या फिल्टरच्या दृष्टीने बाबांची दुगुन आणि बाबांचा आजार ही एकच गोष्ट होती. दोन्ही साफ करून टाकल्या.

समजावून सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला. चिडले नव्हते, उलट बँकेत एखादं व्हाउचर तपासावं तसं शांतपणे म्हणाले, "हात माझा. थरथर माझी. आणि ह्यातलं माझं कुठलं ते तुझा लॅपटॉप ठरवणार?"

मला उत्तर आलं नाही. मग मी इंजिनियर जे करतो ते केलं: सेटिंग दिलं. स्पेसबार दाबला की फिल्टर चालू, परत दाबला की बंद. नियंत्रण तुमच्या हातात! बाबा म्हणाले, "कुठल्या हातात?" दोन्ही हात वाजवण्यात. आई म्हणाली मी बसते बटणावर. बसलीही. दोन आवर्तनं झाली, तिने दमाच्या जागी दाबायचं ते समेवर दाबलं, बाबा तिच्यावर ओरडले, तिने पोळपाट मागितला. वीकांत समाप्त.

पुण्याला येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी हापिसात दिवसभर हेच तर करतो. 'युजर इंटेंट' हा शब्द आमच्याकडे मीटिंगमागून मीटिंग वापरला जातो. युजरला काय म्हणायचंय ते आम्ही ओळखणार, त्याने चुकून केलेलं गाळणार, मुद्दाम केलेलं ठेवणार. कीबोर्ड आपलं 'आहे'चं 'आई' करतो तेव्हा आपण वैतागतो आणि सोडून देतो. पण बाबांच्या बाबतीत गाळलेली गोष्ट म्हणजे दुगुन होती. आणि रोकबीच्या खोलीत वैतागलेली माणसं आठवली. त्यांची तक्रार बाबांच्या बरोबर उलटी होती. त्या खोलीने काहीच गाळलं नव्हतं. त्यांना जे म्हणायचंय असं त्यांना वाटत होतं ते न ऐकता, त्यांच्या हाताने प्रत्यक्षात जे केलं ते तिने ऐकलं. म्हणून चिडले.

त्या आठवड्यात रात्री जागून जॉर्ज लुईस वाचला. शिकागोचा ट्रॉम्बोनवादक, पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. १९७१पासून तो शिकागोच्या 'एएसीएम' ह्या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या संघटनेत, जिथे आयत्या वेळचं वाजवणं हा सगळ्याचा गाभा. १९८०च्या दशकात ऍम्स्टरडॅमच्या 'स्टाइम' स्टुडिओत त्याने 'व्हॉयेजर' नावाचा प्रोग्राम लिहिला, फोर्थ भाषेत. (फोर्थ कुणी लिहिलीय का? वाक्य उलटं बोलायची सवय लावावी लागते.) हा प्रोग्राम म्हणजे आतल्या आत एक अख्खा वाद्यवृंद, पुढच्या आवृत्तीत तर ६४ आवाजांचा. समोर माणूस वाजवतो, त्याचे स्वर पकडून प्रोग्राम त्याची गती, पट्टी, दाटी, पोकळी असं बरंच काही मोजतो. आणि मग? मग स्वतःला वाटेल ते करतो. दर काही सेकंदांनी आतले वादक, वाद्यं, चाल, लय पुन्हा नव्याने ठरतात. कधी तुमच्यामागून येतो, कधी विरुद्ध जातो, कधी तुमच्याकडे सरळ दुर्लक्ष करतो. तुम्ही गप्प बसलात तरी तो थांबत नाही, एकटा वाजवत राहतो.

मला ज्याने जागं ठेवलं ते असं: लुईसने त्यात माणसासाठी एकही बटण ठेवलं नाही. पेडल नाही, खूण नाही, 'आता थांब' म्हणायची सोय नाही. ह्याला काही सांगायचं असेल तर वाजवूनच सांगावं लागतं. माणूस मालक आणि यंत्र नोकर, ही मांडणीच त्याला नको होती. २०००मध्ये त्याने ह्यावर एक मोठा लेख लिहिला, त्यात हे सगळं आहे.

आपल्याकडे साथीला बसलेल्या माणसाला हे नवीन वाटणार नाही. गाणाऱ्याला कुठे बटण असतं? त्याने मध्येच लय ओढली तर तबलजी हात वर करून तक्रार करत नाही, ठेक्यातूनच काय ते सांगतो. आणि लुईसच्या यंत्रात चूक नावाचा प्रकारच नाही. तुमचा स्वर घसरला, ओठ थकले, श्वास अपुरा पडला, त्याच्यासाठी ते सगळं तुम्ही वाजवलेलंच.

जाता जाता अजून एकाबद्दल. जेसन बार्न्स हा अमेरिकेतला ड्रमर. विजेचा धक्का बसून त्याच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग गेला. जॉर्जिया टेकमधल्या गिल वाइनबर्गने त्याच्यासाठी यांत्रिक हात बनवला. २०१४मध्ये तो जाहीर कार्यक्रमात वाजला. त्या हाताला दोन काठ्या. एक बार्न्सच्या स्नायूंचं ऐकते. दुसरी त्याचं ऐकत नाही, ती संगीत ऐकते आणि स्वतःच्या मनाने वाजवते. स्वतःच्याच हातात दुसऱ्या कुणाची तरी मर्जी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते थोडं भीतीदायक वाटलं होतं. ह्या वेळी वाटलं, हे तर आमच्या हॉलमध्ये बसलंय, फक्त कुणी बनवलेलं नाही. अर्थात फरक आहे, आणि तो मी विसरत नाही. बार्न्सला ती काठी ड्रमपासून दूर घेता येते.

तिसऱ्या शनिवारी फिल्टर काढून टाकला. थरथरीचे बोलही वाजणार, हळू वाजणार, पण वाजणार. वर एक हार्मोनियम घातली, लुईसच्या धर्तीवर, म्हणजे त्याची अगदी गरीब नक्कल. भूपचे पाच स्वर दिले, कारण पाच स्वरांत कॉम्प्युटर फार बेसूर जाऊ शकत नाही, ही माझी पळवाट. ही हार्मोनियम दोन्ही हातांचं जे काही येईल ते ऐकते, मुद्दामचं की आपोआपचं असं विचारत नाही, आणि दर सहा सेकंदांनी ठरवते की मागून जायचं, आडवं जायचं की आपलंच वाजवायचं. बटण नाही.

पहिली दहा मिनिटं शिव्या. "हा भूप नव्हे, नुसते भूपचे स्वर आहेत." मान्य. "हा ऐकत नाही." मी म्हटलं, बाबा, तुम्ही ज्यांना साथ करायचात त्यातले किती जण ऐकायचे? त्यावर हसले, आणि दोन गायकांची नावं घेतली जी मी इथे लिहिणार नाही.

मग काय झालं ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. बाबा थांबले. उजवा हात टीपॉयवर, थरथर सुरू, तिंतिंतिंतिं. हार्मोनियम नेमकी तेव्हा आडवी चालली होती. बाबा हाताकडे बघत राहिले, कुणीतरी दुसरं वाजवतंय तसं. डाव्या हाताची बोटं मांडीवर मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. आणि त्यांनी डाव्याने डग्ग्यावर घुमारा टाकला, दर चार थरथरींना एक. पाच हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ३००, भागिले चार, ७५. मध्यलय. त्यांच्या हाताची थरथर म्हणजे ७५च्या लयीची चौगुन होती. मी तीन आठवडे हा आकडा स्क्रीनवर बघत होतो, मला ते दिसलं नव्हतं.

त्या लयीत ठेका धरला. उजवा उचलला की थरथर कमी, टेकवला की चौगुन परत. मग तिहाई घेतली, दमदार. पहिला तुकडा, थांबा, त्या थांब्यात चार थरथरी. दुसरा तुकडा, थांबा. तिसरा, आणि सम अर्ध्या मात्रेने हुकली.

"च्यायला," बाबा म्हणाले. आईसमोर. "पुन्हा."

पुन्हाही हुकली. कारण थरथर काही घड्याळ नाही, आकडे मोजायला लागलं, लक्ष ताणलं की वाढते आणि जरा पळते. तिसऱ्यांदा तर हार्मोनियमनेच घात केला. चौथ्यांदा आली. पाचव्यांदा नाही. एवढ्यात गोळीची वेळ झाली, हात जड व्हायला लागला, आणि त्यांनी स्वतःच बास म्हटलं. संध्याकाळी हाताची अवस्था वाईट होती, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागला. कुणाला वाटू नये की मी काही इलाज शोधलाय. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आहेत आणि पुढेही वाढतील.

रविवारी निघताना बॅग भरत होतो तेव्हा बाबा दारात उभे राहिले. "तो ना आहे ना, त्यात मागे कुकरची शिट्टी आहे."

ऐकून बघितलं. खरंच होती. तीन आठवडे हेडफोन लावून मला ऐकू आली नव्हती.

"काढ ती."

म्हटलं, काढता येणार नाही, स्वरातच मिसळलीय. ना नवीन रेकॉर्ड करावा लागेल. त्यासाठी तबला...

बाबांनी माळ्याकडे बघितलं. "स्टूल शेजारच्यांकडे आहे," म्हणाले. "आणि वाद्या सैल पडल्या असतील. हातोडी कुठे ठेवलीय ते तुझ्या आईला विचार."

पुढच्या रविवारी सकाळी रेकॉर्डिंग. बारा वाजेपर्यंत कुकर लावायचा नाही, असं आईला सांगून ठेवलंय.